हवापालट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक गृहस्थ मोटारसायकलपाशी उकिडवे बसलेले दिसतात. हातात स्क्रूड्रायव्हर, कान पेट्रोलच्या टाकीशी, आणि चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या वैद्याचा भाव. त्यांचं खरं आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. बाकी सगळे त्यांना हवापालटकर म्हणतात, कारण गेली सहा वर्षं ते आपल्या गाडीला हवापालट घडवतायत.

नुसतं ऐकणाऱ्याला वाटतं, गाडी बुलेट असेल, निदान आरएक्स हंड्रेड तरी. तसं काही नाही. साधी, कार्बोरेटरवाली, जुनी स्प्लेंडर. 97.2 सीसी, सात-साडेसात घोडे. त्यातला तो वरचा अर्धा घोडा म्हणजेच यांची साडेसाती.

"इंजिनाला श्वास घेता येत नाहीये हो," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा इतके कासावीस दिसत होते, की मी पाण्याचा तांब्या आणायला वळलो होतो. त्यांचा सिद्धांत असा : कंपनी सरकारला घाबरते, म्हणून गाडीचं नाक दाबून विकते. साइड पॅनेलमागे जो काळा डबा असतो, त्यातला फिल्टर म्हणजे नाकाला लावलेला चिमटा. तो काढा, मग बघा गाडी!

सिद्धांत अगदीच हवेतला नाही, हे मान्य केलं पाहिजे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळा, आणि त्यासाठी जास्त हवा आत घ्या. शर्यतीच्या गाड्यांत हेच करतात. पण स्प्लेंडरचं इंजिन 8000 आरपीएमला, म्हणजे जीव तोडून ओरडत असताना, मिनिटाला जास्तीत जास्त 390 लिटर हवा ओढणार. एवढी हवा स्वच्छ कागदी फिल्टर सहज देतो. हा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. ते सहकारी बँकेत वसुली विभागात आहेत, त्यामुळे समोरचा हिशेब सांगायला लागला की शांत नजरेनं बघत राहायची त्यांना सवय आहे.

गाडीला अशी हवा पाजणाऱ्या लोकांत पंथ आहेत. फिल्टर सरळ काढून फेकणारे ते दिगंबर. तापवलेल्या सळईनं डब्याला भोकं पाडणारे दुसरे. आणि डबाच काढून कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर क्लॅम्पनं आवळणारे तिसरे, हे उच्चभ्रू. हवापालटकर पहिले दोन पंथ टाळून थेट तिसऱ्यात स्थिरावले. त्यांचं दैवत कॅलिफोर्नियातलं : के अँड एन, स्थापना 1969, केन आणि नॉर्म या दोघांच्या नावांची आद्याक्षरं. ही माहिती ते कुलवृत्तांतासारखी सांगतात. फिल्टर मात्र नाना पेठेतून आणला. तिथल्या माणसानं शांतपणे विचारलं, "ओरिजिनल देऊ, का ओरिजिनलसारखा?" दोन्हींच्या किमतीतला फरक ऐकून यांची भक्ती 'सारख्या'वर आली.

असा सुती फिल्टर धुऊन त्याला पुन्हा थोडं तेल द्यायचं असतं, तेही कधीतरी. हवापालटकर दर शनिवारी देतात. मारुतीला वाहावं तसं. इतकं तेल झाल्यावर त्यातून हवा कशी जाणार, हा प्रश्न भक्तानं विचारायचा नसतो.

पण खरी गंमत आवाजात आहे. तो काळा डबा धूळ अडवतो, तसाच इंजिनाच्या हवा ओढण्याचा आवाजही गिळतो. डबा गेला की गाडी घोरल्यासारखी गुरगुरते. गुरगुरली की मालकाला वाटतं पळाली. पहिल्या दिवशी हवापालटकर चौकापर्यंत जाऊन आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. "पिकअप बघितला?" मी गॅलरीतून बघत होतो. शेजारून एक स्कूटर त्यांना ओलांडून गेली, तेवढी मला दिसली होती.

मग चाचणी. एनडीए रोडवर पहाटे सहा वाजता मला मोबाइलवर स्टॉपवॉच धरून उभं केलं. शून्य ते साठला पूर्वी नऊ सेकंद लागायचे, आता पावणेनऊ. हवापालटकरांनी मला मिठी मारली. पूर्वीची चाचणी साबुदाण्याची खिचडी खाऊन झाली होती आणि ही उपाशीपोटी, शिवाय माझा अंगठा थंडीनं आखडला होता, हे मी सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणून एक असतो.

आठवड्याभरात गाडी मिसिंग मारायला लागली. सायलेन्सरमधून फटाके. सत्तरचं अॅव्हरेज पन्नासवर आलं. मेकॅनिकनं प्लग काढून दाखवला, पांढराफटक. "साहेब, हवा वाढवली, पेट्रोल तेवढंच ठेवलं. चहात दूध तेवढंच ठेवून नुसतं पाणी ओतलंत. इंजिन तापणारच. मेन जेट मोठा टाका, नाहीतर डबा लावा."

डबा लावणं म्हणजे शरणागती. जेट आणले. मोठा टाकला, तर प्लग काजळीनं काळा आणि मागे धूर. त्याच्या खालचा टाकला, तर परत फटाके. गव्हाएवढे ते पितळी जेट, एकूण अकरा, वहिनींच्या नथीच्या डबीत राहतात. नथ कुठे असते, ते विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल, तर सायलेन्सर बदलणारी पोरं पकडली जातात, त्यांचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वर रोडरोलर फिरवतात. फिल्टरवाला साइड पॅनेलच्या आड सुरक्षित. भीती एकच, पीयूसी. गौरीचे मुखवटे वर्षातून एकदा खाली उतरतात, हवापालटकरांचा मूळ डबा दोनदा. दर सहा महिन्यांनी तो माळ्यावरून येतो, पुसला जातो, गाडीला बसतो. गाडी त्या दिवशी एका किकमध्ये सुरू होते, फटाके नाहीत, धूर नाही. प्रमाणपत्र मिळतं. संध्याकाळी डबा परत माळ्यावर. त्या एका दिवसाबद्दल त्यांचं मत विचारलं, तर म्हणतात, "आज गाडीत जान नव्हती."

पावसाळ्यात कोन फिल्टर भिजतो, म्हणून त्यावर दुधाची पिशवी चढते. म्हणजे हवेसाठी डबा काढायचा आणि पाण्यासाठी पिशवी बांधायची. उन्हाळ्यात मेट्रोची खोदाई. एकदा मी त्यांना निघताना बघितलं : नाकातोंडाला दुपदरी रुमाल, वर गॉगल. मागे वहिनी, डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेल्या. ओढणीच्या आतून त्या म्हणाल्या, "अहो, स्वतःच्या नाकाला फडकं बांधता आणि तिचं मात्र काढून ठेवता?" हवापालटकरांनी रेस वाढवली. त्या गुरगुरण्याचा हाही एक उपयोग आहे.

शेवटी निळा धूर आला. आत गेलेली धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. ब्लॉक-पिस्टन गेलं. मेकॅनिकनं इंजिन बांधलं, बिल दिलं, आणि काही बोलला नाही. बिलच पुरेसं बोलकं होतं.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लागली आहे : 'स्प्लेंडर विकणे आहे. सिंगल हँड. सर्व पार्ट कंपनीचे. इंजिन न खोललेले.' इंजिनाबद्दल मी बोलत नाही. पण गाडी बघायला आलात, तर फिल्टरचा डबा अवश्य बघा. अगदी नव्यासारखा आहे. सहा वर्षांत बाराच दिवस वापरलेला.