विक्रमी रस्ता, जुनी अँबेसिडर

अमरावती–अकोला रस्ता वर्षानुवर्षे असा होता की अँबेसिडरला ब्रेक लागतच नसत. ते काम खड्डे बघत. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना, एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटर, डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत पडला, गिनेस बुकात नोंद झाली आणि एमएच-२७ च्या म्हाताऱ्या गाड्यांवर अचानक वेगाचं संकट कोसळलं.

हौशी मालक आता पुढचे ड्रम काढून डिस्क बसवायला निघालेत. दुखणं खोटं नाही. ड्रम सारखे दाबले की तापतात, पकड सुटते. त्यात वऱ्हाडातला मे. पण डिस्कला नुसता पायाचा जोर पुरत नाही, म्हणून बूस्टर. बूस्टर आला की नवा मास्टर सिलिंडर. तेवढ्यात मागचे पाटे आठवतात, मग शॉकअप, मग पुढचे टॉर्शन बार. शेवटी जुनं उरतं ते आरसी बुक. मिस्त्री विचारतो, “भाऊ, मंग नवीच काऊन नाही घेत?”

‘व्हिंटेज’ नोंदणी करावी, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली हवी. आणि रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. थांबण्याचा प्रश्न सरकारने गाडी निघण्यापूर्वीच सोडवला!

सस्पेन्शनचा खर्च मात्र वाया जात नाही. हायवे सोडून कॉलनीत शिरा. प्रत्येक माजी नगरसेवकाच्या दारात एकेक गतिरोधक उभा आहे.