काढताना की बघताना?

तुमच्याही आळीत ते असतीलच. कुणी मोबाइल डोळ्यांसमोर धरून कपाळाला आठी घातली, की चार घरं पलीकडून विचारणारे, "अडकतंय? काढताना की बघताना?" गुहागरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. एसटीच्या डेपोत उभी हयात इंजिनांना कान लावण्यात गेली. निवृत्तीबरोबर इंजिनं सुटली, कान सुटले नाहीत. त्यामुळे व्हिडिओ अडखळतो, असं ते म्हणतच नाहीत. "मिसिंग मारतोय."

प्रश्न बिनतोड आहे, हे आधीच कबूल. चित्रण करतानाच फ्रेमा गळाल्या असतील तर रोग वेगळा, नुसता दाखवताना फोन धापा टाकत असेल तर वेगळा. तीच फाइल दुसऱ्या फोनवर चालवायची. तिथे सुरळीत चालली तर चित्रणात खोट नाही. एवढं सांगून तात्या थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मे महिन्यात एक पुणेरी जोडपं सुरूची सावली सोडून, भर दुपारी, लेकाचा वाळूचा किल्ला टिपत होतं. तात्यांनी न विचारता फोन घेतला, पाठीला हात लावला आणि म्हणाले, "ताप आहे." फोर-के, सेकंदाला ६० फ्रेमा आणि वर हे ऊन! फोन तापला की आतला प्रोसेसर आपणच वेग उतरवतो, फ्रेमा गळतात. कव्हर काढा, सावलीत धरा, ३० वर आणा. फोन गार होईस्तोवर भरतीने किल्ला नेला. पोराचं भोकाड मात्र एकही फ्रेम न गळता आलं.

हेदवीच्या बामणघळीवर तर त्यांनी कहर केला. घळीत लाट घुसून पाणी उंच उसळतं, ते भरतीलाच. आणि तात्या एका पाहुण्याला मेमरी कार्ड काढायला लावून अक्षरं वाचत बसले. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणार, व्ही३० असेल तर ३०. "हे तुमचं दोन्ही नाही. व्हिडिओ फोनच्या पोटातच साठवा." पाहुण्याला पटलं तेव्हा ओहोटी लागली होती.

धोपाव्याच्या फेरीबोटीवर हँडलला मोबाइल लावलेली मोटारसायकल चढली, की तात्या तिच्याकडे सरकलेच म्हणून समजा. मोठ्या मोटारसायकलींच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. तात्या हे असं सांगतात, की कंपनीने आधी डेपोत येऊन विचारलं असावं.

बरं, मोबाइलपुरतंच असतं तरी सोसलं असतं. एका लग्नात मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजी अडखळले. माझ्या कानाशी आवाज आला, "काढताना." एका कचेरीत सातबाऱ्याचं प्रकरण अडकलं होतं. तात्यांनी सवयीने विचारलं, "काढताना की बघताना?" कारकून शांतपणे म्हणाला, "दोन्ही." त्या दिवशी प्रथमच तात्यांना इलाज सुचला नाही.

शिमग्यात सहाणेवर पालखी नाचायला लागली की हल्ली खांद्यांपेक्षा फोनच जास्त वर असतात. तात्या फोनवाल्यांत. आदल्या रात्री फोन निम्मा रिकामा केलेला, बॅटरी बचत बंद. रात्रीच्या उजेडात फोन आपल्या मनाने फ्रेमा कमी करतो, म्हणून त्याही ३० वर बांधलेल्या. मला वाटायचं, हौस. पण हे सगळं रजा न मिळालेल्या चाकरमान्यांसाठी चालतं. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ टाकला की त्याचा पार चोथा होतो, म्हणून तात्या तो डॉक्युमेंट करून पाठवतात. रात्री जागून, एकेकाला. आणि मग प्रत्येकाला फोन. अडकत नाही ना? माणूस वाईट नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

गेल्या शिमग्यात मी त्यांच्या ओटीवर असताना नालासोपाऱ्याहून त्यांच्या लहानपणीच्या शेजारणीचा फोन आला. तिचं इथलं घर कित्येक वर्षं कुलपात आहे.

"तात्या, आमच्या दाराशी येऊन अडकलाय रे तुझा व्हिडिओ. पुढे सरकतच नाही."

आता प्रश्न येणार म्हणून मी सावरून बसलो. तात्यांनी विचारलाच नाही.

"अडकला नाही गो. पालखीच थांबली होती तिथे. शेजारच्या सूनबाईने तुझ्या नावाने ओटी भरली. नीट बघ, मागे निशाण हलतंय."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तात्या खाकरले.

"आणि चार्जिंगला लावून बघत्येस काय? काढ आधी. तापतो."