शांततेचा खासगी बंदोबस्त

शांतता पूर्वी सरकारदरबारी अर्ज करून मागावी लागे आणि मिळत नसे. आता ती दुकानात पंचवीस-तीस हजार रुपयांना मिळते, फक्त रात्री चार्जिंगला लावण्याचे स्मरण ठेवावे लागते. बाह्य कोलाहल गिळून टाकणारे बिनतारी हेडफोन आमच्या मध्यमवर्गाच्या मस्तकी मुकुटाप्रमाणे विराजमान झाले असताना या क्रांतीचे यथोचित गुणगान कोणी केले नाही, ही उणीव भरून काढण्याचे प्रस्तुत सदराने योजिले आहे.

प्रथम यंत्राची कुळकथा. ध्वनीची उलटी लाट निर्माण करून ती मूळ ध्वनीवर सोडली असता एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोघींचाही अंत होतो, ही युक्ती पॉल ल्यूग नावाच्या जर्मन गृहस्थाने १९३६ साली अमेरिकेत पेटंट घेऊन दप्तरी लावून ठेवली होती. परंतु ती प्रवाशाच्या कानी पडावी म्हणून प्राध्यापक अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून निघालेल्या विमानात बसावे लागले. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून संगीतापेक्षा इंजिनाची घरघरच अधिक ऐकू येते असे पाहून त्यांनी बसल्या जागी गणित मांडले. १९८६ साली वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोन्ही वैमानिकांच्या कानांवर त्या गणिताचे फळ चढले, १९८९ साली ते इतर वैमानिकांसाठी बाजारात आले आणि २००० साली तुमच्या-आमच्यासारख्या भूचर प्रवाशांसाठी. या बोस महाशयांचे वडील इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून अमेरिकेस गेलेले बंगाली क्रांतिकारक होते. पित्याने साम्राज्याची झोप उडवावी आणि पुत्राने विमानप्रवाशांच्या झोपेची तजवीज करावी, हा घराण्याचा उत्कर्ष कोणासही हेवा वाटावा असाच आहे.

योगायोग असा की त्याच २००० साली भारत सरकारनेही शांततेचा प्रश्न हाती घेऊन ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या सभोवती किमान शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र आखले गेले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद राहतील असे फर्मान निघाले, आणि दोनच वर्षांनी सणासुदीस वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची मुभा देण्याचा अखत्यार राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला. पुढे २०१७ साली दुरुस्ती होऊन, राज्य सरकारने जाहीर केल्यावाचून कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र गणले जाणार नाही असे ठरले. म्हणजे रुग्ण खाटेवर विव्हळत असला तरी शांततेस आधी जाहीरनामा हवा. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन उपायांपैकी एकाचा खप वाढत गेला आणि दुसऱ्याचे फलक गंजत गेले, यात नवल ते काय?

तथापि यंत्र आणि कायदा यांच्यात एक विलक्षण स्वभावसाम्य आहे. सतत एका सुरात घुमणारा खर्जातला ध्वनी यंत्रास आधी ओळखता येतो आणि म्हणून मारता येतो. अकस्मात उठणारा, तीक्ष्ण, उच्च स्वराचा ध्वनी मात्र त्याची उलटी लाट तयार होण्यापूर्वीच कानात शिरलेला असतो, आणि त्याला अडवण्याचे काम केवळ कानांवरच्या गादीला करावे लागते. परिणामी डेक्कन क्वीनमध्ये हे यंत्र लावून बसलेल्या सद्गृहस्थास चाकांची ती घरघर, जी बिचारी कोणाचे वाईट न करता उलट झोप आणीत असे, मुळीच ऐकू येत नाही. परंतु समोरच्या बाकावर मोठ्या आवाजात लावलेली मालिका, वडे विकणाऱ्याची आरोळी आणि पलीकडच्या सहप्रवाशाने फोनवर काढलेले वडिलोपार्जित जमिनीचे वाटणीप्रकरण ही सर्व, पार्श्वभूमी स्वच्छ झाल्यामुळे, अधिकच सुस्पष्ट होतात. निरुपद्रवी आणि नियमित असेल त्यास धरावे आणि खरा उपद्रवी हातून निसटू द्यावा, ही कार्यपद्धती आपल्या प्रशासनास अपरिचित आहे असे कोण म्हणेल? मिरवणुकीतील डीजेच्या दणक्याविषयी तर बोलावयासच नको, कारण तो छातीच्या फासळ्यांतून प्रवेश करतो आणि फासळ्यांना बसतील असे हेडफोन अद्याप निघालेले नाहीत.

घरातही या यंत्राने सुराज्य आणले आहे. एके काळी एकच रेडिओ सर्व कुटुंबाच्या श्रवणाचा निर्णय करीत असे आणि त्याच्या बटणावरून पितापुत्रांत युद्धे जुंपत. आता दोन खोल्यांच्या सदनिकेत पिता किशोरीताईंच्या भूपात, पुत्र आभासी रणांगणात आणि कन्या कचेरीच्या बैठकीत मग्न असून चौघांपैकी एकटी माताच काय ती पंखा, कुकर आणि दाराची घंटा यांच्या मूळ जगात वास्तव्य करते. ती जेवणासाठी तीन वेळा हाका मारते आणि चौथ्यांदा व्हॉट्सॲपवर निरोप धाडते, ज्याची घंटा मात्र तिघांनाही तत्काळ ऐकू येते.

परंतु या शोधाचे सर्वात मोठे श्रेय याहून निराळे आहे. रात्री सव्वादहा वाजता मंडपातील ध्वनिक्षेपकाविरुद्ध पोलिसांना फोन करणारा, महापालिकेस अर्ज लिहिणारा आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र धाडणारा जो एक चिकट नागरिक प्रत्येक गल्लीत असे, त्याच्याच हाती हे यंत्र विकत घेण्याइतका पैसा होता आणि त्याने ते घेतले. गोंगाट होता तेथेच राहिला, तक्रारदार तेवढा नाहीसा झाला. मागे उरले ते चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, बसचा वाहक, सोसायटीचा पहारेकरी आणि हातगाडीवाला. यांतील कोणासही कान झाकून आपले काम करता येत नाही, आणि अर्ज लिहावयास त्यांना सवड नाही.

तेव्हा २००० सालच्या नियमांत एक समयोचित दुरुस्ती करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्याच्यापाशी हेडफोन असतील तो शांतता क्षेत्रात राहतो असे मानण्यात यावे. ज्याच्यापाशी नसतील त्याने विहित नमुन्यात, तीन प्रतींत, उत्पन्नाच्या दाखल्यासह सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज सादर करावा. आणि कचेरीबाहेरच्या गोंगाटाने कामात व्यत्यय येऊ नये म्हणून त्या अर्जांची सुनावणी करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस उत्तम प्रतीचे हेडफोन सरकारी खर्चाने पुरविण्यात यावेत.