फुकटच्या तिकिटाची किंमत

पॉइंट जमवून विमानाचं तिकीट फुकट मिळावं म्हणून माणसं आधी क्रेडिट कार्डाची वार्षिक फी भरतात, वर 18 टक्के जीएसटी. मग हॉटेलात बिल आलं की, 'मी स्वाइप करतो, तुम्ही मला जीपे करा,' असा परोपकार सुरू होतो. पेट्रोल, घरभाडं यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. म्हणजे गरजेचं सोडून बाकी सगळं विकत घ्यायचं! बिल थकलं की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. पॉइंटांना व्याज नाही, मुदत मात्र बहुधा असते. अखेर 'फुकट' तिकीट काढताना कर आणि विमानतळाचं शुल्क अनेकदा खिशातूनच. त्यापेक्षा एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्यावा. तिथं निदान नावात तरी तारांकित अटी नाहीत.