एवढीशी फांदी देता?

नर्सरीत पैसे मोजून रोप आणणाऱ्यांची काकूंना मनापासून कीव येते. "जेड? विकत? अगं, जेड काय विकत आणायची वस्तू आहे?"

या काकू प्रत्येक सोसायटीत असतात. कुणाकडे गेल्या की यजमानीण 'बसा' म्हणायच्या आत त्या गॅलरीत पोचलेल्या असतात. "अय्या, काय फुटलंय! एवढीशी फांदी देता?" नाही म्हणायची सोय नसते, कारण विचारून होईस्तोवर फांदी मोडलेली असते. बँक, दवाखाना, मंगल कार्यालय अशा ठिकाणी विचारायचं कोणाला हा प्रश्न येतो; त्यावर काकू वेळ घालवत नाहीत. मनीप्लँट चोरून आणलेलाच लागतो, हे शास्त्र त्यांनी समस्त वनस्पतिसृष्टीला लावलंय.

घरी आल्यावर मात्र सगळं शिस्तीत. नवशिके फांदी आणल्याबरोबर कुंडीत खोचतात, वर तांब्याभर पाणी ओततात आणि आठवड्याभरात ती कुजली म्हणून हळहळतात. काकू ती सावलीत कागदावर तीन-चार दिवस नुसती टाकून ठेवतात. कापल्या जागी खपली धरली पाहिजे. "खरचटल्यावर आपण लगेच विहिरीत उडी मारतो का?" इचेव्हेरियाच्या पानाला तर कात्री लावायचीच नाही. दोन बोटांत धरून हलकेच इकडे-तिकडे करत ते बुडापासून सबंध सोडवायचं. बूड खोडालाच राहिलं तर त्या पानातून रोप येत नाही. मग वाळू, विटांचा चुरा आणि चिमूटभर कोकोपीट घालून त्यावर ही पानं आडवी मांडायची. काही आठवड्यांनी बुडाशी गुलाबी मुळं आणि मोहरीएवढा कोंब दिसला, की काकू अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवतात. हे सगळं चालतं श्रीखंडाच्या डब्यांत, करवंट्यांत आणि कान तुटलेल्या कपांत. न तुटलेले कपही हळूहळू तिकडेच जातात. काकांचा दाढीचा मग गेला, तेव्हापासून ते चष्मा उशाखाली ठेवून झोपतात.

लॅटिन नावांच्या भानगडीत काकू पडत नाहीत. जिथून आणलं ते नाव. 'दाताचे डॉक्टर', 'बँक', 'कोथरूडच्या विहीणबाई'. "नाशिकच्या आत्या गेल्या गं, पाणी जास्त झालं," हे त्यांचं फोनवरचं वाक्य सूनबाईंनी अर्धवट ऐकलं आणि नाशिकला सांत्वनाचा फोन केला. तो खुद्द आत्यांनीच उचलला.

द्यायला मात्र हात सढळ. देतीलच, नको म्हणालात तरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटायचे दिवस गेले. काकू वाण म्हणून पानफुटी लुटतात. ही बाई मुळात मादागास्करची. पानाच्या कडेच्या खाचाखाचांतून पोरं काढते, आणि ती जिथे पडतील तिथे रुजतात. सोसायटीत आता जिन्याखाली, मीटरच्या खोलीबाहेर, वॉचमनच्या खुर्चीमागे सगळीकडे पानफुटीच.

पण औदार्याला मर्यादा आहे, आणि ती पिवळी आहे. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लँटचा काकू फक्त पानाचा तुकडा देतात, वरची बाजू कुठली ते स्केचपेनने बाण काढून दाखवतात (उलटा खोचला तर मुळंच फुटत नाहीत), आणि निश्चिंत होतात. तुकड्यातून येणारं रोप निव्वळ हिरवं निघतं. पिवळा काठ हवा तर जमिनीतला गड्डाच फोडून द्यावा लागतो. हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तक्रार घेऊन आल्या, तेव्हा काकूंनी फक्त मान हलवली. "तुमच्याकडे ऊन येत नाही ना, म्हणून."

परवा चौथ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. टेम्पोतून फ्रिज उतरत होता. फ्रिजमागे ठिपक्याठिपक्यांच्या हावर्थियाची कुंडी, तिच्याभोवती पाचसहा पिल्लं. काकूंनी त्यांना पाणी विचारलं, दूधवाल्याचा नंबर दिला, लिफ्ट धरून ठेवली. सामान वर पोचलं तेव्हा कुंडीत एक पिल्लू कमी होतं.

"टेम्पोत हादरे बसतात हो," काकू म्हणाल्या.