मास्तरांच्या गच्चीवरची वीज

अहो, ऐकलंत का? मास्तरांच्या घरात परवा मेणबत्ती होती! मेणबत्ती हो! गच्चीवर सहा सहा सोलर पॅनल लावलेल्या घरात. या जरा इकडे, गडग्याला लागून उभ्या राहा. मोठ्याने नको, मास्तरीणबाई मागच्या दारी कोकमं पसरतायत, त्यांचे कान कसे आहेत तुम्हाला माहितीच आहे.

तर, सबसिडी आली तेव्हाचं आठवतंय ना? तीन किलोवॅटला ७८,००० रुपये, तेही थेट खात्यात. केवढा तोरा! पेढे वाटले, आम्हाला दोनच आले ते सोडा. पण वाण्याच्या दुकानात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आता आम्ही वीज घेणारे नाही, देणारे!” आमचे हे तिथेच होते, तांदळाची पिशवी हातात. काही बोलले नाहीत, नुसते हं हं. घरी आल्यावर मला म्हणाले, बघू पावसात.

आणि पाऊस कुठला, नुसतं वादळी वारं सुटलं आणि लाईट गेली. माड पडला ना तारेवर, तिकडे वळणावर. रात्र गेली म्हणा कशीतरी. पण दुसऱ्या दिवशी बारा वाजता कडकडीत ऊन. पॅनलं अशी चकाकतायत की वर बघवत नाही, आणि खाली मास्तरीणबाईंचा मिक्सर फिरेना! वाटप अर्धवट, सोलकढीचा नारळ तसाच भांड्यात. मी आपली सहज गेले होते... सहज हो, कढीलिंब मागायला.

तेवढ्यात वायरमन आला. पोरगा बिचारा सकाळपासून खांबांवर चढत होता. मास्तरांनी त्यालाच धरलं, आमचं सोलर बिघडलं म्हणाले. तो हसला. “काका, बिघडलं नाही, हे ऑनग्रीड आहे. लाईन गेली की तुमचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नाहीतर मी खांबावर आणि तुमच्या गच्चीवरचा करंट माझ्या हातात!” मास्तरांचा चेहरा जो पडला म्हणता! त्यात मास्तरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मग बॅटरीवालं का नाही घेतलं?” मास्तर म्हणाले, “महाग होतं.” आणि मग कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा. कढीलिंब घेतला आणि आले.

संध्याकाळी स्वतः आले आमच्याकडे, मोबाईल चार्जिंगला लावू का म्हणत. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ च्या मे महिन्यात, दिवसच्या दिवस अंधारात काढल्यावर आम्ही तो जुना बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला होता ना, तो चालू होता. आमचे हे काही लागट बोलतील म्हणून मी आधीच चहा टाकला.

पण आज ज्याला लोक हसतात, त्याचंच उद्या कौतुक होतं हो. एक सांगू? माझ्या नणंदेकडे दादरचे पाहुणे आले होते. वेंगुर्ल्यात फिरायला कुठे नेलं असेल? डम्पिंग ग्राउंडवर! तोंड काय वाकडं करताय, नगरपालिकेने बाग केलीय तिथे, कचरा वेगवेगळा करतात, ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, लांबून लोक बघायला येतात. दादरची बाई तिथे फोटो काढत बसली. नणंद म्हणते, आमच्या लहानपणी तिथून नाक दाबून पळायचो. आणि मांडवीच्या खाडीत त्या स्वामिनी बचत गटाच्या बायका, स्वतः होडी वल्हवतात आणि कांदळवन दाखवतात. आधी लोक म्हणायचे, चिखलातली झाडं बघायला पैसे कोण देणार? तेच आता पाहुणे आले की पहिले तिकडे घेऊन जातात. आपल्याकडे कोण कधी काय बोललं होतं याची वही ठेवायला हवी...

तर काय सांगत होते? हां, मास्तर. आता हसले मी त्यांना, पण बिल बघितलंय मी त्यांचं. कसं ते विचारू नका. उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटच्या आसपास होतात. उरलेले लाईनीत जातात, मीटर मोजून ठेवतो आणि पावसात ढग आले की तेच वळते होतात. वर्षाचा हिशेब मार्चअखेर. भरायला लागतो तो जवळपास स्थिर आकारच. आणि आम्ही? दर महिन्याला बिल आलं की आमचे हे ते उलटंसुलटं करून बघतात. म्हणजे बॅटरीवाल्या घरात उजेड आणि सोलरवाल्या घरात पैसा, असं झालंय. दोन्ही हवं तर हायब्रीड म्हणून येतं, पण त्याला खर्च जास्त आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

एक मात्र मास्तरांनी शहाणपणाचं केलं. लोखंडी अँगल गॅल्व्हनाइज्ड घेतले. त्या बंदराजवळच्या लॉजवाल्याने स्वस्तातले घेतले, खाऱ्या वाऱ्याने लगेच तांबूस पडले, आता रंग लावत बसलाय. आणि अजून माकडं आली नाहीत वर. आली की कळेलच, आपल्याला आवाज येईल.

म्हणे वीज देणारे! देतात हो, खरंच देतात, दुपारी आपल्या घरात पंखा फिरतो तो कदाचित त्यांच्याच गच्चीवरच्या विजेवर असेल. हे मी त्यांच्यासमोर बोलणार नाही.

तुम्ही लावणार ना दिवाळीपर्यंत? मग माणूस मापं घ्यायला आला की किलोवॅट आणि सबसिडी राहू दे बाजूला, पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा, लाईट गेल्यावर चालतं का? आणि तो जे सांगेल ते मला येऊन सांगा हं, आमचे हेही आता चौकशी करतायत.