पार्किंगमधील विटेस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती वीट (भाजकी, एका कोपऱ्याने उडालेली),
खांब क्रमांक ३ शेजारी, तळमजल्यावरील पार्किंग.

विषय : मोटारसायकल उचलून धरण्याच्या आपल्या मानद पदाबाबत.

महोदया,

स. न. वि. वि.

इमारत उभी राहून झाल्यावर मागे उरलेल्या, आणि त्यामुळे कोणत्याही भिंतीत ज्यांची नोंद नाही अशा आपण, गेली कित्येक वर्षे दर रविवारी सकाळी पार्किंगमधील मोटारसायकलींचा भार वाहत आहात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करणे उचित ठरेल. दोन लाखांची गाडी, महागडे चेन क्लीनर आणि या सर्वांखाली फुकटची वीट, ही रचना मध्यमवर्गीय अर्थशास्त्राचा उत्तम नमुना मानली पाहिजे. आपल्या घराण्याची परंपराही थोर आहे. पुंडलिकाने फेकलेल्या आपल्या पूर्वज विटेवर प्रत्यक्ष पांडुरंग उभा राहिला आणि अजून ढळलेला नाही. मात्र तेथे उभा राहणारा पावले जुळवून, कमरेवर हात ठेवून आपला तोल आपणच सांभाळत आला आहे, तर मोटारसायकल थांबली की ती जबाबदारी नेहमीच दुसऱ्यावर टाकते, हा फरक आपल्या रविवारच्या भक्तांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

आपल्या बळाविषयी शंका घेण्याचा येथे हेतू नाही. भारतीय मानकांनुसार सर्वांत खालच्या वर्गातील भाजक्या विटेनेही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोचा दाब सोसला पाहिजे, म्हणजे १९ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद अशी प्रमाण वीट, कागदावर तरी, जवळजवळ सहा टन पेलू शकते. तिच्यापुढे ११२ किलोची स्प्लेंडर काय किंवा १९५ किलोची क्लासिक ३५० काय, दोन्ही किरकोळच. अडचण भाराची नसून तोलाची आहे. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती करून उजव्या बाजूने चिमट्याखाली (चिमटा म्हणजे स्विंगआर्म, अर्थात मागचे चाक ज्याच्या बेचक्यात बसते तो वर-खाली हलणारा भाग) आपणांस व आपल्या भगिनींना एकावर एक रचून सरकवले, की मागचे चाक अधांतरी होते खरे. परंतु गाडी तेव्हा पुढचे चाक, साइड स्टँडचे टोक आणि आपण अशा तीनच बिंदूंवर टेकलेली असते, आणि घट्ट बसलेला नट सोडवताना पान्याला दिलेला एक हिसका ही तडजोड मोडण्यास पुरेसा ठरतो. वीट तेव्हा फुटत नाही, ती सरकते. फुटतो तो इंडिकेटर, आणि वाकतो तो लिव्हर.

मुळात चाक उचलण्याचा हा खटाटोप प्रामुख्याने चेनसाठी असतो. साधारण ११० कड्यांची चेन आणि मागे चाळीस-बेचाळीस दात्यांचे चक्र असेल, तर चेनची एक पूर्ण फेरी होण्यास चाक अडीच वेळांहून अधिक फिरावे लागते. म्हणजे साइड स्टँडवरील गाडीची चेन पुसणाऱ्याने ती टप्प्याटप्प्याने पाचेक मीटर ढकलत नेली पाहिजे, आणि तेवढी जागा दोन खांबांमध्ये क्वचितच मिळते. चाक उचलले असेल तर ते हाताने फिरवून हे काम जागच्या जागी होते, चेनचा झोल सर्वत्र सारखा आहे की नाही तेही कळते. मात्र हाताने म्हणजे हातानेच. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरण्याची जी प्रथा काही पार्किंगांत रूढ आहे, ती फडक्याबरोबर बोटेही चक्रात ओढून नेते.

ज्या गाडीला कारखान्यातूनच डबल स्टँड, म्हणजे इंजिनाखालचा दोन पायांचा मधला स्टँड, लाभला आहे तिच्या मालकाने काही विकत घेण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो ड्यूक, आर१५ अशा गाड्यांचा. वळणावर खूप कलंडताना स्टँड रस्त्याला घासू नये, वजन वाढू नये आणि पोटाखाली सायलेन्सरला जागा मिळावी, अशा कारणांनी या घराण्यांनी तो पाय कापून टाकला आहे. त्यांच्यासाठी पॅडॉक स्टँड असतो. शर्यतीच्या मैदानामागील आवारावरून नाव पडलेली ही नळ्यांची चौकट आपल्या दोन छोट्या चाकांवर तरफेसारखी फिरते आणि मागून दांडा दाबला की चिमट्यासह मागचे चाक उचलते. मागच्या चाकावर शंभर किलो भार आणि तरफेचा फायदा चौपट धरला, तर दांड्यावर पंचवीस किलोंचा जोर पुरतो. म्हणून आखूड दांड्याचा स्वस्त स्टँड घेणाऱ्याने वाचवलेले पैसे कमरेतून फेडावे लागतात.

दुकानात रंग आणि किंमत पाहिली जाते, पाहायला हवा तो चिमटा. त्यावर स्पूल, म्हणजे दोन्ही बाजूंना बसवायची मधोमध खाच असलेली छोटी बोंडे, बसवण्यासाठी आट्यांची भोके असतील तर व्ही आकाराचे हूक असलेला स्टँड घ्यावा, कारण हूक खाचेत अडकला की घसरत नाही. फक्त स्पूलचा स्क्रू ६, ८ की १० मिलिमीटरचा, हे आधी मोजावे. भोके नसतील तर रबरी टेकूंचा स्टँड चिमट्याला खालून आधार देतो, तो थोडा कमी भरवशाचा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत स्टँडची छोटी चाके अडकतात आणि उतारावर गाडी स्टँडवर चढवणे म्हणजे संकटाला आवतण, त्यामुळे सपाट शहाबादी फरशीचा कोपरा शोधण्यावाचून गत्यंतर नाही. पहिले काही रविवार गाडी सरळ धरायला घरातील दुसऱ्या कोणाला तरी बोलवावे. हे साहाय्य कोणत्याही खोक्यात मिळत नाही. पुढच्या चाकाचा स्टँड ही वेगळी खरेदी असून मागचे चाक आधी उचलून स्थिर केल्याखेरीज तो लावू नये, एवढे येथे पुरे.

सबब आपणांस उचलण्याच्या कामातून मुक्त करण्यात येत असून, मागचे चाक वर असताना पुढचे चाक सरकू नये म्हणून त्याच्या पुढ्यात आडवे पडून राहण्याच्या पदावर आपली बदली करण्यात येत आहे. या पदास उंचीची अट नाही.

आपल्या विश्वासू,
पार्किंगमधील समस्त डबल-स्टँडविहीन मोटारसायकली

ता. क. : पावसाळ्यात पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवण्यासाठीही आपलेच नाव सुचवले गेले आहे; कृपया दोन्हींपैकी एकच पद स्वीकारावे.